ते चित्र वाचवलं कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत व्हाइट हाउसमधल्या वॉशिंग्टनच्या चित्राची गोष्ट वाचली आणि राहवलं नाही. ब्रिटिश फौज राजधानी जाळायला चालून आली तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसनबाईंनी सुरीने चित्र कापलं, गुंडाळलं आणि घेऊन निघाल्या, असं तुमचे लेखक बिनदिक्कत लिहितात. माझं आयुष्य तसबिरींच्या चौकटी करण्यात गेलं. गिल्बर्ट स्टुअर्टच्या नावावरचं ते तैलचित्र आठ फूट उंच आणि पाच फूट रुंद आहे. एवढा कॅनव्हास घाईत गुंडाळला तर वाळलेल्या रंगाचे पापुद्रे सुटतात. बाईंनी बहिणीला लिहिलेल्या पत्रातही चौकट फोडायला सांगितल्याचंच आहे.

२४ ऑगस्ट १८१४ ला पॉल जेनिंग्ज हा पंधरा वर्षांचा गुलाम मुलगा त्या घरात राबत होता. १८६५ साली छापलेल्या आठवणींत त्याने ही कथा साफ खोटी ठरवली आहे. बाईंना तेवढा वेळच नव्हता, चित्र उतरवायला शिडी लागली असती, असं तो सांगतो. ते उतरवलं फ्रेंच दारवानाने आणि मॅग्रॉ नावाच्या माळ्याने. तुमच्या अर्ध्या पानात या तिघांना एक ओळ नाही! याच जेनिंग्जने, पुढे बाई हलाखीत असताना, त्यांना स्वतःच्या खिशातून पैसे दिले.

मला हे लागलं त्याला कारण आहे. २०१९ च्या महापुरात आमच्याकडच्या एका वाचनालयाच्या शिपायाने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून संस्थापकांची तैलचित्रं उतरवली आणि माळ्यावर नेली. ओल धरलेल्या चौकटी माझ्याकडे दुरुस्तीला आल्या, तेव्हा प्रत्येकीच्या मागे त्याने पेन्सिलीने खूण केलेली होती, कुठलं चित्र कुठल्या भिंतीवरचं ते कळावं म्हणून. स्मरणिकेत मात्र छापलं, की अध्यक्षांनी प्रसंगावधान राखून वारसा वाचवला. अध्यक्ष त्या दिवशी गावातच नव्हते. समारंभात त्या स्मरणिका वाटायला तोच शिपाई उभा होता. मी तेव्हा गप्प बसलो नाही, पण कोणी ऐकलंही नाही.

म्हणून विनंती, की दुरुस्ती छापा आणि त्यात जेनिंग्जचं नाव घ्या.

आणखी एक. लेखात वॉशिंग्टनच्या पुढे केलेल्या हाताचं एवढं वर्णन आहे, पण सोबत छापलेलं चित्र छातीपाशीच कापलंय. ना हात, ना तलवार, ना टेबल. खाली चित्रकाराचं नावही नाही. जागा कमी असेल तर जाहिरात लहान करा, चित्र अख्खं छापा.

आपला,
एक फ्रेम कारागीर