घासाच्या मुळाशी काय आहे, तेही मोजा: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

टोमॅटोचा प्लॉट उठल्यावर त्याच रानात लसूणघास टाकला, की टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी (मातीतली डोळ्यांना न दिसणारी बारीक अळी) घासावर मुक्काम हलवते. टोमॅटो काही महिन्यांत उपटला जातो, घास मात्र तीन-तीन वर्षे जागचा हलत नाही. उष्ण दिवसांत सूत्रकृमीची पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. म्हणजे वर कापणी, खाली पैदास.

माती तपासून शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक येतात. सूत्रकृमी त्यात नाही. पत्रिकेसाठी घेतलेला मातीचा नमुनाच वापरूनही भागणार नाही, कारण तो सावलीत वाळवतात आणि वाळवणीत सूत्रकृमी मरते. तिच्यासाठी ओली माती लागते. १५ ते २० सेंमी खोलीवरून, १०-१५ ठिकाणची, बारीक मुळांसकट पाव किलो माती घ्यावी, प्लास्टिक पिशवीत बांधून उन्हापासून दूर ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचवावी. रानात घास पिवळा पडलेल्या ठिगळाच्या मधली माती घेऊ नये. तिथली मुळे मेलेली असतात, संख्या कमी दिसते. कडेची घ्यावी.

नाशिकच्या कृषी सहायकांना एवढे शिकवले तरी पुष्कळ होईल. सोबत गाठ ओळखणेही: नत्राच्या गाठी (हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या, चांगल्या) मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने सुटतात, आतून गुलाबी निघतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले. ती सुटत नाही. यात गफलत झाली की रोगट घासालाच ‘गाठी छान धरल्यात’ अशी शाबासकी मिळते!

उभ्या घासात औषधाचा मार्ग जवळपास बंद आहे. फोरेट हे दाणेदार कीटकनाशक २०२० अखेर बंद झाले, ते योग्यच. पंचवीस दिवसांनी कापून गोठ्यात जाणाऱ्या चाऱ्यावर विषारी दाणेदार औषध टाकायचे, तर अंश दुधात उतरण्याची भीती. जे करायचे ते पेरणीआधी: एप्रिल-मेमध्ये पंधरवड्याच्या अंतराने दोन खोल नांगरटी, मग एकरी आठ क्विंटलपर्यंत निंबोळी पेंड, पेरणीच्या दोन आठवडे आधी ओल्या मातीत. ऐनवेळी टाकली तर कोवळे मोड भाजतात.

म्हणून मागणी दोनच. चारापिकांच्या बियाणे वाटपाआधी सूत्रकृमी मोजणी फुकट करून द्या. आणि संख्या जास्त निघालेल्या रानाला घास किंवा चवळीऐवजी कडवळाचे (चाऱ्याच्या ज्वारीचे), बाजरीचे बी द्या. मक्यावर भरवसा नको, त्यावरही ती तग धरते.

आपले,
चारा व दूध उत्पादक शेतकरी,
निफाड-सिन्नर, जि. नाशिक