थिबा राजवाड्यात लोककला दालन: आधी चुना, मग काचपेट्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० साली पुरा झाला. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी बांधलेल्या या जांभ्याच्या वास्तूत आज वस्तुसंग्रहालय आहे. पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवून कथा सांगण्याची कला), चामड्याच्या बाहुल्या, सावंतवाडीचा गंजिफा (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते) यांचं कायमचं दालन इथेच व्हावं, ही आमची मागणी. पण खर्चाची सुरुवात भिंतींपासून व्हावी.

जांभा पावसात पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. सिमेंटचा गिलावा ही वाट बुजवतो. मग ओल आत सरकते, भिंतीला लोणा (मिठाचा थर) लागतो, तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं, आणि ते बाहेरून दिसतही नाही. निविदेत चुनाच लिहावा: एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू, एक थर फार तर १२ मिलिमीटर. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ पुढे भिंतीतून फुटतं. चुना सावकाश धरतो, म्हणून निधी दिवाळीआधी मिळायला हवा. मार्चअखेरच्या पैशांतून एप्रिल-मेमध्ये घाईने मारलेला गिलावा पावसात सुटतो.

आता पोथ्या. चित्रकथीच्या पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून खळीने चिकटवलेली असतात. ती खळ म्हणजे कसरीचं, कागद खाणाऱ्या किड्याचं, खाद्य. ओलाव्याने दोन्ही कागद कमी-जास्त फुगतात, मधे फोड येतो आणि रंग तिथूनच उडतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. कोकणात पावसाळ्यात ती ८५च्याही पुढे जाते. एसी दिवसा लावून संध्याकाळी बंद करणं सर्वांत वाईट, कारण रात्री शिरलेल्या दमट हवेचं थंड काचेवर पाणी होतं. त्याऐवजी रात्रंदिवस चालणारा डीह्युमिडिफायर, त्याला जनरेटरची जोड आणि प्रत्येक पेटीत आर्द्रतामापक द्यावा. उजेड ५० लक्सपुरता (लक्स म्हणजे उजेडाचं माप) ठेवावा, कोणतंही चित्र तीन महिन्यांनी उतरवावं. चामड्याच्या बाहुल्या टांगू नयेत. त्यांतली कोरलेली भोकं वजनाने फाटतात. तिरक्या फळीवर निजवाव्यात.

पोथीतल्या चित्रांचा क्रम चित्रकथी सांगणाऱ्या ठाकर समाजाच्या कलावंतांना तोंडपाठ असतो. क्रम चुकला की कथाच तुटते, तेव्हा मांडणीला त्यांना बोलवावं आणि त्यांचं मानधन अंदाजपत्रकात वेगळं दाखवावं.

आपले,
कोकणातील लोककला आणि जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणारे