पायाळू बाळ ओढायचे नसते

महोदय,

पायाळू, म्हणजे डोक्याऐवजी पाय किंवा कुल्ले आधी येणाऱ्या, बाळासाठी सिझरच योग्य, हा कालच्या अंकातला लेख वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. लेखक डॉक्टरांनी 2000 सालच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील 26 देशांच्या अभ्यासाचा हवाला दिला आहे. त्यातल्या काही मुलांची दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा सिझर ठरवलेल्या आणि नैसर्गिक बाळंतपण ठरवलेल्या अशा दोन्ही गटांत मृत्यू किंवा मेंदूची वाढ मागे पडणे यांत फरक आढळला नाही, हे 2004 साली छापून आले. ते लेखात का नाही?

सिझरला माझा विरोध नाही. पण पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांत तीन-चार पायाळू असतात आणि त्यातली काही ऑपरेशनच्या टेबलाची वाट पाहत नाहीत. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीची दुसरी खेप होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळाचे कुल्ले दिसू लागले होते. ड्युटीवरची सिस्टर हुशार पोरगी, पण असे बाळंतपण तिने कधी पाहिलेलेच नव्हते. घाबरून तिने बाळाची कंबर धरून ओढायला घेतले. मी ओरडले, “ओढू नकोस, तुझा हात काढ आधी!” ओढले की बाळाचे हात डोक्यामागे जातात, हनुवटी वर होते आणि डोके अडकते. बेंबी दिसेपर्यंत हात लावायचा नाही, पाठ वरच्या बाजूला राहील एवढे बघायचे. मानेवरचे केस दिसले की बाळ आपल्या हातावर घ्यायचे, गालफडांवर दोन बोटे टेकवून हनुवटी छातीकडे वाकवायची. मी सांगत गेले, ती करत गेली. बाळ जरा उशिरा रडले, पण रडले.

त्या पोरीला काय बोलणार? तिला कुणी शिकवलेच नाही. मी निवृत्त झाले त्या प्रशिक्षण केंद्रात सरावाची बाहुली होती, पण कपाटात कुलूपबंद. फाटली तर भरपाई कोण देणार, म्हणून. कुलूप काढा आणि दर महिन्याला प्रत्येक सिस्टरकडून हे हाताने करून घ्या.

आणखी एक. लेखात सुईणींना सरसकट ‘अडाणी’ म्हटले आहे, ते मला फार लागले. माझ्या पहिल्या उपकेंद्रावर सोनोग्राफी नव्हती. गावच्या सुईणीने माझा हात धरून गरोदर बाईच्या बरगड्यांखाली ठेवला आणि म्हणाली, “बाई, हे टणक, गोल लागतंय ना? डोकं वर आहे.” पुढे 31 वर्षे मी तसेच तपासत आले.

– एक निवृत्त परिचारिका, जि. नाशिक