कान तुझा, गाल पोराचा

कोल्हापूर,
९ जून

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा 'रात्री करतो' म्हणालो होतो. ती रात्र आज उजाडली असं समज. काय शिव्या घालायच्या त्या आत्ताच घालून घे, कारण पुढे जे लिहायचंय ते तुझ्याशिवाय कुणापुढे बोलता येण्यासारखं नाही. ही ऐकून घेते, पण तिच्या लेखी माझं काम म्हणजे फरशीवर पायाचे ठसे.

तब्येत ठीक. शुगर आटोक्यात, गुडघा तसाच.

मे महिन्यात अठरा दिवस सासुरवाडीला होतो, अलिबागला. अकरा वर्षांतली पहिली सुट्टी. माणसानं समुद्र बघावा की नाही? मी तिसऱ्या दिवशीच सासवण्याला, करमरकरांच्या घरी. पुण्याचा १९२८चा अश्वारूढ शिवाजी करणारा माणूस, आणि अंगणात म्हैस करून ठेवलीय, सिमेंटची. तिच्यासमोरून मी हललोच नाही. शेवटी ही म्हणाली, धार काढायची वाट बघताय काय?

असो. परत आलो तर स्टुडिओत तीन कामं अर्धी. शाळेच्या भिंतीचं रिलीफ, म्हणजे उठावाचं काम, एक अर्धपुतळा प्लास्टरमध्ये, आणि तो साखर कारखान्याच्या संस्थापकांचा नऊ फुटी. नऊ फुटीचं मातीकाम मार्चमध्येच झालं होतं. कला संचालनालयाची मंजुरीही आली होती. कारखान्याची बिलं निघायला मात्र जून उजाडणार, म्हणून साचा धरला नव्हता. माती ओली ठेवायची, एवढंच काम पोरावर सोपवून गेलो. कुंभार गल्लीतलं पोरगं आहे, एकोणीस वर्षांचं. सकाळ-संध्याकाळ पंपानं फवारायचं, तोंडावर ओलं मलमल, अंगावर गोणपाट, वरून प्लास्टिक.

आल्या आल्या प्लास्टिक काढलं. उजवीकडून बघितलं, ठीक. डावीकडे गेलो आणि दिल्या, तो गाल माझा नव्हता.

झालं असं होतं की मी गेल्याच्या चौथ्या दिवशी वळवाच्या वाऱ्यानं खिडकी उघडली आणि डावीकडचं फडकं सरकलं. सकाळपर्यंत गाल सुकला. माती आकसते, आतलं लोखंड थोडंच आकसतंय? कानापासून जबड्यापर्यंत चीर, बोट जाईल एवढी. पोरानं मला फोन केला नाही. 'सर, तुमची सुट्टी होती ना.' वरून ओली माती थापली असती तर दोन दिवसांत खपली निघाली असती, हे त्याला घरचंच ज्ञान. त्यानं सगळा गाल आत माती धरायला टांगलेल्या लाकडी फुल्यांपर्यंत कापून काढला, कडा ओरबाडल्या, भिजवल्या, एक रात्र ओलं पोतं बांधून ठेवलं आणि मग नव्यानं भरला.

इथवर मी त्याची पाठ थोपटली असती. पण त्यानं गाल जसा होता तसा केलाच नाही. डावीकडे खाली किंचित फुगवटा ठेवला, आणि त्यामुळे ओठाचा कोपरा केसभर ओढला गेलाय. म्हटलं, हे काय? तर म्हणे, 'आज्जा कारखान्याला विटा पोचवायचा. तो सांगायचा, साहेब डाव्या गालात सुपारी धरून बोलायचे.'

माझ्याकडे एकच फोटो होता, समोरून काढलेला, टोपी-कोटातला. त्यावरून मी उजवा गाल केला आणि मोजून तोच डाव्याला लावला. चेअरमन, म्हणजे साहेबांचे चिरंजीव, मार्चमध्ये बघून 'छान आहे' म्हणाले होते. 'छान आहे' म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

आता तो म्हातारा माझ्याकडे बघून काहीतरी बोलणारच आहे असं वाटतं. पोराच्या एका गालानं माझा सहा महिन्यांचा पुतळा जिवंत झाला. मी रात्री एकटा येऊन हातात माती कापायची तार घेऊन उभा राहिलो, गाल उतरवायला. कारण तयार होतं, मंजुरी जुन्या गालाची आहे. ते कारण खोटं होतं हे फक्त तुला कळेल.

हो, जे.जे.चंच म्हणतोय. मी ताईच्या लग्नाला गावी, माझं पोर्ट्रेट हॉस्टेलच्या भरवशावर, आणि वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तू बसून कान केलास. बक्षीस मला. पुढे सुऱ्याच्या हळदीला दोन पेग झाल्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालास, 'ह्याच्या बक्षिसाचा कान माझा आहे.' मी दोन वर्षं बोललो नाही. तेव्हा तू माझा अपमान केलास एवढंच डोक्यात होतं. कान खरंच तुझा होता. नाक मात्र माझं होतं, ते मी सोडणार नाही.

तू निदान बोलून दाखवलंस. हे पोरगं काहीच मागत नाही. मागितली ती फक्त रजा, पुढच्या महिन्यापासून, घरी गणपतीच्या कामाला माणसं कमी पडतात म्हणून. चौथऱ्यावरच्या पाटीचा मजकूर मी जानेवारीतच देऊन टाकलाय, 'शिल्पकार' आणि पुढे माझं एकट्याचं नाव. बदलावा का? बदलला तर कारखान्यातली चार माणसं विचारणार, मग पैसे कुणाला द्यायचे? आणि नाही बदलला तर हे पोरगं उद्या कुणाच्या तरी हळदीला दोन पेग मारणार. करमरकरांकडेही पोरं राबली असतीलच ना रे. त्या म्हशीपुढे हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, आता रोज येतो.

तार मी ठेवून दिली. गाल आहे तसाच आहे. गुरुवारी चेअरमन येतायत, शुक्रवारी साचा धरायचाय. एकदा प्लास्टर चढलं की बोलणं संपलं. त्याआधी तुझं मत पाहिजे, फोटो बघून नाही, समोर उभं राहून. बुधवारची महालक्ष्मी एक्सप्रेस पकड.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? पिंकीला कुठे अ‍ॅडमिशन मिळाली? फिल्मसिटीतला तो राजवाडा उभा राहिला की अजून थर्माकोलच कापतोयस? सगळं आल्यावर सांग.

पोरगं दारात उभं आहे, फडकं भिजवू का विचारतंय.

तुझा,
संज्या

ता. क. तुझा मोठा कॅलिपर अजून माझ्याकडेच आहे. त्यानंच मोजून उजवा गाल डाव्याला लावला होता. हवा असेल तर येऊन घेऊन जा, कुरिअर करणार नाही.