बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गरिबी काचेत मांडून लोकांना काय दाखवणार?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवस संग्रहालयातल्या माझ्या दालनात काम करताना तोच प्रश्न मनात होता.

श्रीमंताघरचं चांदीचं भांडं पिढ्यान् पिढ्या कपाटात टिकतं. गरिबाघरचं कापड अंगावर विरतं, मग त्याचं पांघरूण होतं, मग फडकं, मग काहीच उरत नाही. आमच्या हाती लागतं ते थोडंसं. त्यातही नोंदवहीत नाव असतं ते देणाऱ्याचं, वापरणाऱ्याचं नसतं. आमच्याकडे असंच एक ठिगळांचं पांघरूण आहे. रंग उडू नये म्हणून त्यावर 50 लक्सहून (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाही. इतकी काळजी, आणि पाटीवर फक्त 'गरीब कुटुंबातील पांघरूण'! मी ती पाटी काढली. पांघरुणावर तीन निरनिराळ्या हातांचे टाके आहेत, आणि ते कुणी पाहिलेच नव्हते.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनच्या ॲनाकोस्टिया वस्तीत 1967 साली एका जुन्या सिनेमागृहात छोटं संग्रहालय सुरू झालं. तिथल्या मुलांच्या बोलण्यात सारखे घरातले उंदीर यायचे, म्हणून 1969 मध्ये त्यांनी उंदरांवरच प्रदर्शन भरवलं, जिवंत उंदरांसकट. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतून वर्णद्वेषी सरकारनं 60,000हून अधिक लोकांना हुसकावलं. तिथल्या संग्रहालयात जमिनीवर त्या वस्तीचा नकाशा आहे. जुने रहिवासी वाकून, आपलं घर कुठं होतं ते त्यावर स्वतः लिहितात. मला असं दालन करायचंय.

तुमची भीती खरी आहे, बाबा. लोक हळहळतात आणि पुढं जातात. म्हणून रडणाऱ्या मुलाचा भिंतभर फोटो मी नाकारला. त्या जागी वस्तीतल्या बायकांच्या आवाजातली त्यांची गाणी ऐकू येतील. त्यांनी स्वतः निवडलेली, त्यांना विचारून ध्वनिमुद्रित केलेली.

आई, माझ्या फ्रॉकला ठिगळ लावताना तू ते पानाच्या आकारात कापायचीस. नुसतं भोक बुजवूनही चाललं असतं. तेव्हा तुझ्या मनात काय असायचं? तुझ्याच शब्दांत लिहून पाठवशील? पांघरुणाशेजारी लावेन. नको वाटलं तर नाही म्हण, मी पुन्हा विचारणार नाही.

तुमची,
लाडकी