मंत्रिमहोदय, गणपती गेले, दिवाळी झाली, फेलोशिप आली नाही

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार),
नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करतो. विषय एमआरआयचा: स्कॅनचा वेळ कसा कमी करायचा, म्हणजे पेशंटला त्या बोगद्यात कमी वेळ पडून राहावं लागेल. मला केंद्राची फेलोशिप मिळते. म्हणजे मंजूर आहे. ‘पंधरा दिवसांत जमा होईल’ हे उत्तर गणपतीआधी आलं होतं. तुळशीचं लग्न लागलं, खातं जैसे थे. आणि परवा संस्थेची नोटीस आली: सत्राची फी वेळेत भरली नाही, सबब विलंब शुल्क भरावे. ज्यांच्याकडून पैसे यायचे त्यांना उशीर माफ, ज्याला मिळायचे त्याला दंड!

चौकशी केली तेव्हा कळलं की युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या (आधीचे पैसे कुठे खर्च झाले, त्याचा दाखला) दुसऱ्या पानावर ऑडिटरची सही नव्हती, म्हणून फाइल परत आली होती. परत आली ती आवक-जावकच्या टेबलावर पडून राहिली. मला कुणी कळवलं नाही, कारण कळवणं कुणाच्याच कामात बसत नाही.

जानेवारी 2023 पासून जेआरएफ (कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप) महिना 37,000 आणि एसआरएफ (वरिष्ठ संशोधकाची) 42,000 झाली, त्याबद्दल आभार. कागदावर मी खाऊनपिऊन सुखी आहे. प्रत्यक्षात तिशी ओलांडलेल्या मुलाला वडील पेन्शनमधून पैसे पाठवतात. ते काही विचारत नाहीत. आई विचारते, “अजून किती वर्षं रे?”

दिवसा एमआरआयचं यंत्र पेशंटसाठी, आणि ते तसंच असायला हवं. आमचा नंबर रात्री अकरानंतर. निकेल सल्फेटचं हिरवट पाणी भरलेली प्लॅस्टिकची बाटली, आमच्या भाषेत फॅन्टम, पेशंटच्या जागी टेबलावर ठेवायची आणि पहाटेपर्यंत स्कॅन घेत बसायचं. टेक्निशियन दादांची मर्जी राखायची, कारण ते निघाले की प्रयोग संपला. अल्ट्रासाउंडवर काम करणाऱ्या मैत्रिणीचं तर विचारूच नका. गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा हवाच, दुमत नाही. पण प्रयोगशाळेतल्या मशीनच्या नोंदणीसाठी तिला इतके हेलपाटे पडले की शेवटी तिने विषयच बदलला.

बरं, हे सगळं करून पुढे काय? इंजिनिअरिंग कॉलेजच्या जाहिरातीत आमची शाखाच नसते. मेडिकल कॉलेजात पहिला प्रश्न, ‘एमबीबीएस नाही का?’ सीनियर बेंगळुरूला परदेशी कंपन्यांच्या संशोधन केंद्रांत गेले, उरलेले जर्मनीत, हॉलंडमध्ये पोस्टडॉक करतात. मग आपण त्याच कंपन्यांची मशीन विकत घेतो. देशातली 70 ते 80 टक्के वैद्यकीय उपकरणं आयात होतात. हा आकडा तुमच्याच सरकारचे लोक भाषणात सांगतात, आणि सरकारी रुग्णालयांच्या निविदांत मात्र यूएसएफडीएच्या, म्हणजे अमेरिकी नियामकाच्या, मंजुरीची अट टाकतात.

ढोबळ हिशेब मांडतो. एका थ्री टेस्ला (चुंबकाची ताकद) एमआरआय मशीनला दहा कोटी धरा. तेवढ्यात माझ्यासारख्या चाळीस जणांची पाच वर्षांची फेलोशिप निघते. संशोधनावर देश जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो. एक टक्क्याची घोषणा मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. 2025 मध्ये एक लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) निधी मंजूर झाला. छान. खासगी क्षेत्राला स्वस्त, दीर्घ मुदतीचं कर्ज मिळणार. लाख कोटींची तरतूद होते आणि 42,000 एका सहीसाठी अडतात! राज्याकडून वेगळी अपेक्षा नाहीच. डिसेंबर 2023 मध्ये नागपूर अधिवेशनात पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल आला होता. निदान तो तोंडावर विचारला गेला. दिल्ली तेच अधिक सभ्यपणे, पोर्टलवर ‘अंडर प्रोसेस’ लिहून विचारते.

मागण्या दोनच. फेलोशिप पगारासारखी ठरलेल्या तारखेला द्या. सर्टिफिकेटचा घोळ संस्थेने आणि तुमच्या खात्याने आपसात निस्तरावा. आणि सहायक प्राध्यापकांच्या भरतीत बायोमेडिकलला पात्र शाखा म्हणून धरण्याबद्दल शिक्षण मंत्रालयाशी बोला. स्वदेशी एमआरआयच्या उद्घाटनाला नारळ फोडायला माणसं मिळतील. तो बांधायला कोण उरणार, तेवढं पाहा.

आपला,
एक एसआरएफ (थकबाकीसह)

ता. क. : हीच तक्रार मी आधी सरकारच्या तक्रार पोर्टलवर केली होती. ती उत्तरासाठी माझ्याच संस्थेच्या लेखा विभागाकडे आली. त्यांनी ‘कार्यवाही सुरू आहे’ असं लिहिलं आणि तक्रार निकाली निघाली.