महाविद्यालयांतील कुष्ठरोग प्रबोधनासाठी साहाय्याचे आवाहन

स. न. वि. वि.

येत्या ३० जानेवारीला, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, देशभर कुष्ठरोग निवारण दिन पाळला जाईल आणि त्याच दिवशी आपल्या मंडळाचा महाविद्यालयीन प्रबोधन पंधरवडा नाशिकमध्ये सुरू होईल. हाताशी दिवस थोडे आहेत आणि गेल्या वर्षीची शिल्लक जवळजवळ संपली आहे, म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहे.

हा उपक्रम आजवर ज्यांच्या बळावर उभा राहिला, त्यांचे ऋण प्रथम नमूद करणे माझे कर्तव्य आहे. नाव छापायचे नाही या अटीवर पहिल्याच वर्षी प्रोजेक्टर देणारे सराफ बाजारातील आपले ज्येष्ठ हितचिंतक, दरवर्षी केवळ कागदाच्या खर्चात प्रश्नावल्या छापून देणारे आणि गेल्या वर्षी कडाक्याच्या थंडीत रात्री अकरा वाजता स्वतः स्कूटरवरून गठ्ठे पोहोचवणारे पंचवटीतील छापखान्याचे मालक, दिवाळीच्या फराळविक्रीतून कुष्ठमुक्त बांधवांसाठी एमसीआर चपला (बधिर पायांना जखम होऊ नये म्हणून मऊ रबराच्या खास चपला) घेऊन देणाऱ्या गंगापूर रोडच्या भगिनी, आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर उभी हयात घालवून निवृत्तीनंतरही प्रत्येक सत्राला वेळेआधी हजर राहणारे आपले कुष्ठरोग तंत्रज्ञ काका, या सर्वांमुळेच मंडळाला ताठ मानेने बोलता येते.

विद्यार्थ्यांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांतून जे दिसले ते मात्र अस्वस्थ करणारे आहे. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला, हे विज्ञान शाखेची मुले अचूक लिहितात. परंतु कुष्ठमुक्त व्यक्तीला घर भाड्याने द्याल का, तिच्या हातचे जेवाल का, या प्रश्नांपुढची जागा अनेकांनी कोरी सोडली आहे. हा रोग आता राहिलेलाच नाही, असे लिहिणारेही पुष्कळ आहेत. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठले गेले. ते सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून झालेले दूरीकरण होते. लोकांनी त्याचा अर्थ निर्मूलन, म्हणजे रोग पूर्णपणे नाहीसा झाला, असा घेतला. प्रत्यक्षात जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात.

गेल्या वर्षीच्या एका सत्राला आपले कुष्ठमुक्त आजोबा आले होते. त्यांची बोटे वाकलेली असल्याने ते दोन्ही तळव्यांत कप धरून चहा घेतात. त्यांच्यासमोरच्या ट्रेमधील बाकीचे कप कोणी उचलले नाहीत. चहा तसाच निवला. त्यांचे औषधोपचार पूर्ण होऊन वीस वर्षे उलटली आहेत, हे त्याच व्याख्यानात अर्ध्या तासापूर्वी सांगून झाले होते. माहिती कानावर पडल्याने भीती जात नाही, हे त्या दिवशी आम्ही शिकलो. म्हणून यंदा व्याख्यान कमी आणि प्रात्यक्षिक व गप्पा अधिक, असे ठरवले आहे. डोळे मिटायला सांगून त्वचेवरच्या संशयित चट्ट्याला पेनाच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे, ही बधिरता ओळखण्याची साधी तपासणी काका प्रत्येक मुलाकडून करून घेतील.

विद्यार्थीच का, असे विचारले जाते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच दिंडोरी रोडवर आहे. आज शहरात शिकणाऱ्या परिचारिका आणि शिक्षक उद्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आरोग्य केंद्रांत आणि आश्रमशाळांत असतील. मुलाच्या गालावरचा फिकट, बधिर चट्टा प्रथम त्यांनाच दिसेल. वेळेत ओळखला, तर सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती उरत नाही. उशीर झाला, तर निकामी झालेला मज्जातंतू बहुधा पूर्ववत होत नाही. विधी शाखेसाठी यंदा स्वतंत्र सत्र आहे, कारण कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून २०१९ मध्येच वगळले गेले, हे त्या मुलांनाही ठाऊक नव्हते.

खेदाने लिहितो, की गेल्या वर्षी महाविद्यालयांना पाठवलेल्या बहुतेक पत्रांना साधी पोचही मिळाली नाही आणि एका महाविद्यालयाने, मुले घाबरतील, या कारणाने ठरलेले सत्र आदल्या दिवशी रद्द केले. सिंहस्थाच्या तयारीत सारे शहर गुंतले आहे, हे आम्ही जाणतो. पण रामकुंडावर पुण्यस्नानाला येणारा प्रत्येकजण तिथे बसलेल्या कुष्ठपीडित बांधवांना पाहतोच.

एका सत्राचा खर्च (छपाई, प्रवास, चहा) सुमारे १,८०० रुपये, सत्रे १४, एमसीआर चपलांसाठी वेगळे १२,००० रुपये, कोणतीही रक्कम चालेल, पावती मिळेल, रोख वा धनादेश मंडळाच्या कार्यालयात सायं. ६ ते ८ (रविवार बंद), क्यूआर कोड तेथील फलकावर. प्राध्यापकांनी सत्राची तारीख व वर्ग १५ जानेवारीपूर्वी कळवावा. प्रश्नावल्या तपासण्यासाठी सहा स्वयंसेवक आणि २ फेब्रुवारीला पेठला जाण्यासाठी एक चारचाकी हवी आहे.

आपला नम्र,
चिटणीस